भयाचा भार कोणाच्या माथी?



आम्ही ज्या पेठेत राहतो तिचे नाव मंगळवार पेठ. मिरजकर तिकटीकडून खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाकडे जाताना हे नाव दुकानांच्या पाट्यांवर कितीदा तरी डोळ्यांपुढून जाते, परंतु त्यात भिण्यासारखे काही आहे असे येथील कोणा रहिवाशाच्या स्वप्नातही येत नाही. उलट मंगळवार हा देवीचा वार, म्हणून अंबाबाईच्या देवळाकडे त्या दिवशी गर्दी अधिक. हेच नाव स्पेन देशातील एखाद्या जुन्या वळणाच्या आजीबाईस सांगितले तर ती म्हणेल, ‘अशा वाराचे नाव घेऊन घर कोण बांधतो?’ त्या देशी मंगळवार अशुभ, आणि तेरा तारखेस मंगळवार आला तर लग्न लावू नये, प्रवासास निघू नये, असा समज आहे. ग्रीक लोकही या वारास भितात. कॉन्स्टँटिनोपल शहर तुर्कांनी घेतले ते 29 मे 1453 रोजी, आणि तो मंगळवार होता. इंग्रजास मंगळवाराचे काही वाटत नाही. त्याचा वाईट वार शुक्रवार. इटलीत सतरा हा आकडा वाईट. जपानात चार, कारण त्या भाषेत चार या आकड्याचा एक उच्चार आणि मरण या शब्दाचा उच्चार एकच आहे. म्हणून तेथील कित्येक इस्पितळांत चार क्रमांकाची खोलीच ठेवीत नाहीत.

आमच्याकडे वार चालतो, पण ग्रह चालत नाही. मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला की घरात सुतक आल्यासारखे होते, आणि ती बिचारी चांगली शिकलेली, कष्टाळू असूनही बापाच्या उंबऱ्यात बसून राहते. घुबडाचीही तीच कथा. अथेन्स शहराच्या जुन्या नाण्यांवर ते ज्ञानाचे चिन्ह म्हणून छापलेले आहे, बंगाल्यात ते लक्ष्मीचे वाहन. आणि आमच्या खेड्यात ते कौलावर येऊन बसले तर लोक दगड घेऊन धावतात. वास्तविक शेतातील उंदीर खाऊन ते शेतकऱ्याचे धान्य राखते. दगड मारणारा आपल्याच राखणदारास मारतो.

हे सर्व ऐकून कोणास हसू येईल, आणि एखादा शिकलेला उपदेशक सभेत असेच दाखले देऊन विचारील की, ज्या अर्थी एकाचा शकुन तो दुसऱ्याचा अपशकुन, त्या अर्थी दोन्ही खोटे नव्हेत काय? होय, खोटेच. परंतु या युक्तिवादाने कोणाचे भय गेलेले आम्ही तरी पाहिले नाही. पाळकपणाच्या वीसएक वर्षांत आम्हांस एवढे कळले आहे की, भय हे चुकीच्या हिशेबासारखे नाही. पाटीवर बरोबर उत्तर लिहून दाखविल्याने ते पुसले जात नाही. म्हणून ते कोठून उगवते हे आधी पाहिले पाहिजे.

मालिनोव्स्की नावाचे एक विद्वान पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. तेथील कोळ्यांविषयी त्यांनी एक मार्मिक गोष्ट लिहून ठेविली आहे. बेटाच्या आतल्या शांत पाण्यात मासे मारावयाचे असत तेव्हा ते लोक मंत्रतंत्र काही करीत नसत; तेथे त्यांचे कसब पुरत असे. परंतु खोल समुद्रात, जेथे वादळ केव्हा उठेल याचा नेम नाही, तेथे जाण्यापूर्वी विधींवर विधी होत. वाचकहो, हे वाचताना आम्हांस आपलाच मुलूख आठवला. ज्याच्या उसाला पंचगंगेचे पाणी बारमाही आहे तो पावसासाठी धोंडी काढीत नाही. आटपाडी-जतकडचा कोरडवाहू शेतकरी काढतो. दोघांच्या बुद्धीत फरक नाही. एकाच्या हातात पाणी आहे आणि दुसऱ्याच्या हातात आभाळाकडे पाहण्यावाचून काही नाही, एवढाच फरक.

दुसरा एक दाखला पाखरांचा आहे. 1948 साली अमेरिकेतील स्किनर नामक मानसशास्त्रज्ञाने भुकेली कबुतरे पेट्यांत ठेविली आणि ठरावीक वेळाने दाणे आपोआप पडतील अशी योजना केली. कबुतराने काही करो वा न करो, दाणे पडावयाचेच. परंतु दाणे पडले त्या वेळी जे कबुतर गिरकी घेत होते ते पुन:पुन्हा गिरक्या घेऊ लागले. ज्याने मान झुलविली होती ते मान झुलवीत राहिले. आपल्या गिरकीमुळेच दाणे पडतात, असे जणू त्याने धरून ठेविले. आम्हीही पुष्कळदा त्या पेटीतलेच पाखरू असतो.

साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेण्याची चाल हिचाच प्रकार आहे, आणि तिच्यापायी आमच्या खेड्यांत माणसे मेली आहेत. आमच्या शेतांत आढळणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी. ज्यांच्या विषाने माणसे दगावतात ते मुख्यत्वे चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी कोणी चावला तरी प्रत्येक वेळी पुरते विष भिनतेच असे नाही. तेव्हा मांत्रिकाकडे जे दहा रोगी येतात त्यांतले बहुतेक मंत्रावाचूनही जगणारेच असतात. ते जगले की मंत्राचे नाव होते; जो मेला त्याच्याविषयी ‘उशीर झाला’, ‘वाटेत विटाळ झाला’ असे म्हणतात. मंत्र कधीच हरत नाही. मांत्रिक लबाडच असतो असेही नव्हे. त्याने आपल्या डोळ्यांनी माणसे उठून बसलेली पाहिलेली असतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात मिलिता बेटावरील लोकांनी पौलाच्या हाताला साप लोंबकळताना पाहिला तेव्हा ते म्हणाले, हा खुनी असला पाहिजे. आणि तो मेला नाही असे पाहून त्यांनीच त्याला देव ठरविले. साप एक, हात एक, आणि निर्णय दोन. ते लोक दुष्ट नव्हते; थंडीत कुडकुडणाऱ्या परक्यांसाठी त्यांनीच शेकोटी पेटविली होती.

म्हणून अंधश्रद्ध मनुष्य म्हणजे मूर्ख, असे समजणे हाही एक भ्रमच आहे, आणि तो आमच्या जातीच्या लोकांत, म्हणजे शिकलेल्या पाळकांत व उपदेशकांत, फार. 1852 साली वाइल्डर साहेब कोल्हापुरास आले तेव्हापासून या भागातील उपदेशकांनी गावकऱ्यांच्या चालींना वहम म्हणण्यात कसूर केली नाही. पुष्कळदा ते खरे होते. परंतु देवी आलेल्या घराच्या दारावर कडुलिंबाची डहाळी लटकवीत, हा निव्वळ वहम होता काय? त्या डहाळीने देवी प्रसन्न होत नसेल. पण ती पाहून परका मनुष्य घरात शिरत नसे, आणि रोग पसरू न देण्यास त्याची मदतच झाली असेल. पुढे लस टोचणे आले, तर आमच्या भाषेने त्या टोचण्यालाच ‘देवी काढणे’ असे नाव दिले. भयाने औषधाला आपल्या घरात जागा दिली ती अशी. 1980 साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. शब्द अजून आहे.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली तिच्याकडे वळतो. ती जटेची गोष्ट होय.

आमच्या जिल्ह्यात, तसेच निपाणी-बेळगावाकडे, एखाद्या बाईच्या किंवा मुलीच्या केसांत गुंता होऊन जट धरली की सौंदत्तीच्या यल्लम्माने तिला बोलाविले असे मानतात. जट कापावयाची नाही, विंचरावयाची नाही. तिला हळदकुंकू लावावयाचे, भंडारा घालावयाचा. कापली तर घरात मरण येईल, डोळे जातील, वेड लागेल. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीला आमच्या जिल्ह्यातून गाड्याच्या गाड्या जातात, आणि परत आल्यावर येथे ओढ्यावरील रेणुकेच्या देवळापाशी आंबील यात्रा भरते. त्या यात्रेविषयी आमची तक्रार नाही. तेथे लोक एकमेकांच्या पंगतीला आंबील-घुगऱ्या खातात व आनंद करतात. तक्रार जटेविषयी आहे, कारण जट धरलेल्या मुलीस पुष्कळ वेळा देवीस सोडीत, आणि देवीस सोडलेली मुलगी पुढे कोणाच्या घरी जाई हे सर्वांस ठाऊक असे. शाहू महाराजांनी 1920 साली आपल्या संस्थानात या चालीविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात 1934 साली झाला, कर्नाटकात 1982 साली, महाराष्ट्रात पुन्हा 2005 साली. मध्यंतरी 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली होती. एका चालीसाठी इतके कायदे करावे लागले, यावरून तिची मुळे किती खोल असतील ते दिसते.

जट म्हणजे काय? केस बरेच दिवस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, त्यांत तेल, घाम, धूळ व भंडारा बसत गेला की ते एकमेकांस चिकटतात आणि दोरासारखे वळतात. यापलीकडे त्यात काही नाही. पण तिचे वजन वाढत जाते, मान दुखते, उवा होतात, डोक्याची कातडी चिघळते.

आणि हे केवळ यल्लम्माच्या मुलखातील वेड आहे असे कोणी समजू नये. युरोपातील पोलंड देशात, जेथे रेणुकेचे नावही कोणी ऐकले नव्हते आणि जेथे शेकडो वर्षे घरोघरी ख्रिस्ताचे नाव घेतले जात होते, तेथे शेतकरी लोक अशाच जटा बाळगीत. ते म्हणत, शरीरातील रोग जटेतून बाहेर पडतो. ती कापली तर रोग आत उलटतो, मनुष्य आंधळा होतो किंवा वेडा होतो. म्हणजे शब्द तेच, भय तेच. केवळ देवीचे नाव नाही. क्राकूव शहरातील वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ डीटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा स्वतंत्र रोगच नव्हे, ही अस्वच्छता आहे, असे सिद्ध करून जटा कापण्याची मोहीम चालविली. तेव्हा ‘हे हिंदूंचे’, ‘हे आमचे’ अशी वाटणी भयाच्या बाबतीत करता येत नाही. युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांस जाळले व फासावर दिले त्या बहुतेक बायाच होत्या, त्यांत पुष्कळ गरीब व म्हाताऱ्या. आणि न्यायासनावर बसलेले लोक बायबल वाचणारे होते. स्वित्झर्लंडात ग्लारुस येथे ॲना गोल्डी नावाच्या मोलकरणीचे डोके 1782 साली उडविले, धन्याच्या मुलीस तिने जादूने सुया ओकावयास लाविल्या असे म्हणून. तेथील सरकारने तिला निर्दोष ठरविले ते 2008 साली. आमच्याकडे शुभकार्याच्या वेळी विधवेला मागच्या खोलीत बसवितात, तिचीच ही थोरली बहीण. देश कोणताही असो, भयाचे गाठोडे शेवटी अशा माणसाच्या डोक्यावर ठेवतात की जे ते खाली टाकू शकत नाही.

आता आमचा स्वत:चा एक अपराध सांगितला पाहिजे. बारा वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या पलीकडील एका खेड्यातील लहानशा मंडळीत आम्ही हंगामाच्या उपासनेस गेलो होतो. तेथे पन्नाशीची एक बाई होती. नवऱ्याबरोबर तिचा बाप्तिस्मा होऊन सात वर्षे झाली होती, पण पदराखाली जट तशीच. कित्येक बायांस ते ठाऊक होते आणि पुरुषांत त्याची कुजबूज होती. आम्ही त्या दिवशी मूर्तिपूजेच्या उरल्यासुरल्या अवशेषांवर मोठ्या आवेशाने बोललो, आणि उपदेश संपल्यावर तिला पुढे बोलावून सर्वांसमक्ष विचारले, ‘बाई, प्रभूवर तुमचा भरवसा आहे ना?’ तिने मान हालविली. आम्ही कातर मागविली. मंडळी भजन म्हणत होती; जट कापून चुलीत टाकली. परत येताना वाटभर आम्ही स्वत:वर फार खूष होतो.

तीन आठवड्यांनी तिच्या नातवास डेंग्यूचा ताप आला. मूल सीपीआर दवाखान्यात आठ दिवस होते व वाचले. पण त्या आठ दिवसांत घरच्यांनी व भावकीने सर्व दोष तिच्या माथी मारला. मूल घरी आले तरी सून तिला त्याच्याजवळ जाऊ देईना. तिचे अंथरूण गोठ्यात गेले. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘पाळकसाहेब, जट कापलीसा, पर भ्या न्हाई कापलासा.’ ती पुन्हा उपासनेस आली नाही. पुढे दोन वर्षांनी वारली, तेव्हा तिचे केस पुन्हा गुंतू लागले होते असे ऐकिले.

शंभर माणसांपुढे पाळकाने विचारल्यावर कोणती बाई नाही म्हणेल? तिची मान हालली ती विश्वासाने की दुसऱ्या भयाने, हे आम्ही पाहिले नाही. देवीच्या जागी आम्ही आपणांस बसविले, एवढेच झाले. करिंथकरांस लिहिताना मूर्तीला दाखविलेल्या अन्नाविषयी पौल जे म्हणतो ते आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. मूर्ती काहीच नव्हे, हे ज्ञान खरेच आहे असे तो मान्य करतो. पण त्या ज्ञानाच्या जोरावर दुबळ्या विवेकाच्या भावास तुडविणे हे ख्रिस्ताविरुद्ध पाप होय, असेही तो सांगतो. परीक्षेत या वचनांवर आम्हांस चांगले गुण मिळाले होते.

तर मग काय, ज्याचे भय त्याच्यापाशी असू द्यावे, असे म्हणून गप्प बसावे? नाही. येथे आम्ही एक भेद करतो. साप चावलेल्या मुलास मांत्रिकाकडे नेत असतील तर त्या बापाच्या विवेकाची वाट पाहत बसणे म्हणजे मुलाच्या मरणाला हातभार लावणे होय. तेथे आडवे पडावे, गाडी बोलवावी आणि मुलास दवाखान्यात पोहोचवावे. मुलीस देवीस सोडीत असतील तेथे पोलिसांत जावे. दुसऱ्याच्या भयाची किंमत जेथे तिसरा देतो तेथे कायदा हवा, आणि तो महाराष्ट्रात फार किंमत देऊन मिळाला. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला व डिसेंबरात कायदा मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रे चावल्यावर औषधोपचारास अडवून मंत्र व गंडेदोरे करणे हा त्याने गुन्हा ठरविला आहे. गोविंद पानसरे यांच्यावर आमच्याच शहरात 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांनी ते वारले. या दोघांचा देवाविषयीचा विचार आमचा नव्हता. परंतु निर्बळाच्या डोक्यावरचे गाठोडे उतरविण्यासाठी त्यांनी जे सोसले त्यापुढे आमच्या कित्येक उपदेशांचे वजन किती भरेल, हा हिशेब आम्ही करू इच्छीत नाही.

परंतु जेथे मोठ्या माणसाचे स्वत:चेच भय आणि स्वत:चेच डोके आहे, तेथे कातर हातात घेणाऱ्याने थांबावे. शिवाय आधी आपले घर झाडावे. हिज्कीया राजाने पितळेचा साप फोडला ही गोष्ट आपण जाणताच. तो साप कोणा मांत्रिकाचा नव्हता. देवाच्या आज्ञेने मोशेने केलेला होता, आणि त्याच्याकडे पाहून लोक खरोखर जगले होते. पण पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा त्या चांगल्या राजाने त्याचे तुकडे केले. आमच्या मंडळ्यांत असे साप किती आहेत! तापकऱ्याच्या उशाखाली बायबल ठेवितात, पण उघडीत नाहीत. प्रभुभोजनाची भाकर रुमालात बांधून कणगीत टाकितात. लग्नाची तारीख ठरविण्यास डोळे मिटून शास्त्राचे पान उघडतात. प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली मोठ्या सभांतून विकत आणितात, आणि मुलाची मधुमेहाची सुई बंद करितात; ही शेवटची गोष्ट आम्ही ऐकीव सांगत नाही. यास आणि गंड्यास वेगळी नावे देण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

गतवर्षी आमच्याकडे दुसरी एक बाई आली. तिचीही जट, तीही ख्रिस्ती, आणि मान इतकी दुखे की रात्री झोप नाही. या वेळी आम्ही काही बोललो नाही. आमच्या मंडळीने तिला दुपारच्या जेवणास ठेवून घेतले. ती चार वेळा आली. दुसऱ्या वेळी तिने भय बोलून दाखविले: थोरल्या मुलीस दिवस गेले आहेत, तिला काही झाले तर? तेव्हा बाळंतपण सुखरूप होईपर्यंत थांबण्याचे ठरले. आमच्या उपदेशकांस हे मुळीच आवडले नाही. ‘म्हणजे आपणच जटेला मान दिला,’ असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे आम्ही म्हणत नाही. बाळ झाले, महिना गेला, आणि ती आपण होऊन आली. जट कापली ती तिच्या थोरल्या मुलीनेच, आमच्या स्वयंपाकघरात, तान्हे मूल शेजारी निजवून. कापल्यावर ती बाई कितीतरी वेळ मान इकडून तिकडे वळवून पाहत होती. मग तिने विचारले, ‘ही घरी नेऊ का?’ उपदेशकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, न्या. तिने ती वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या एका डब्यात घातली.

परवा त्या गावी गेलो असता तिच्या घरी चहा घेतला. आढ्याखालच्या फळीवर तोच डबा दिसला. आमची नजर तिकडे गेलेली पाहून तिने तो खाली काढला व उघडून दाखविला. त्यात पेरणीसाठी राखलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. जटेचे काय केले ते तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.